सुलोचनाबाईंचा चौथा बांध

आधी एक कबुली देऊन टाकते. कोकणात मी समुद्र बघायला गेले होते. शेतीत मला काडीचा रस नव्हता. सेवाग्रामला तेहेतीस वर्षं कारकुनी केली, निवृत्त झाले आणि घरात बसून बसून भिंतींशी भांडायची वेळ आली, तेव्हा हिंगणीच्या बायकांच्या शेतकरी गटाची कागदपत्रं सांभाळायला घेतली. ठराव, इतिवृत्त, सह्या, अंगठे. असलं काम मला डोळे मिटून जमतं. त्या गटात सुलोचनाबाई होत्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी माझ्या इतिवृत्तातली चूक काढली. तेव्हापासून त्या मला आवडायला लागल्या, असं मी आता म्हणते. त्या वेळी रागच आला होता.

सुलोचनाबाईंनी साठी ओलांडलेली. अंगानं ठेंगण्या, चालणं झपाझप. चालताना त्यांची एक खोड कुणाच्याही लक्षात येई. वाटेत कुठं भुसभुशीत माती दिसली, एखादं उंदराचं बीळ दिसलं, की त्या थांबून टाचेनं ते दाबून टाकत. बाजारातसुद्धा. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माहेरची सवय हाय वो ताई. जात नाई."

माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. तिकडं सपाट शेतात चारी बाजूंनी मातीची पाळ घालून पाणी कोंडतात आणि त्यात धान रोवतात. पाळीला खेकड्यानं भोक पाडलं की सगळं पाणी रातोरात निघून जातं. म्हणून रोज सकाळी वडिलांच्या मागं मागं पाळीवरून चालायचं आणि भोक दिसलं की चिखल घालून टाचेनं ठोकायचं. हे त्या चालायला शिकल्या तेव्हापासून करत आल्या. अठराव्या वर्षी लग्न होऊन हिंगणीला आल्या तर इथं कापूस, तूर, सोयाबीन. धान कुठंच नाही. चाळीस वर्षं दुकानातला तांदूळ खाल्ला, हे त्या अशा आवाजात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईला सासरी उपाशी ठेवलं होतं.

त्यांचे यजमान मधुकरराव गेले त्याला नऊ वर्षं झाली. वाटणीत कुणालाच नको असलेला टेकडीचा दीड एकर उतार सुलोचनाबाईंच्या नावावर आला होता. मुरूम आणि दगड. वर जंगल, बाजूला पावसाळ्यात वाहणारा नाला. मुलाचं लग्न झालं, तो वर्ध्याला स्थिरावला, आणि बाईंनी जाहीर केलं की या उतारावर मी धान लावणार. गाव हसलं. मीही हसले असते, पण तेव्हा माझी त्यांची ओळख नव्हती.

उतारावर धान लावायचं तर पायऱ्या पाडायला हव्यात आणि पायरी धरून ठेवायला बांध हवा. त्यांनी पहिला बांध मातीचा घातला. तो एका पावसात गेला. दुसरा दगडाचा घातला आणि दगडांमधली प्रत्येक फट चिखलानं ठासून बुजवली. तो ऑगस्टपर्यंत टिकला, मग त्याला पोट सुटलं आणि तो फुटला. तिसरा बांध प्रफुलनं घालून दिला.

प्रफुल म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडं. आईला धान पाहिजे ना, मग पक्कं करून देतो, म्हणून त्यानं दुकानातलं सिमेंट नेलं, मिस्त्री नेला, दोन रविवार स्वतः उन्हात उभा राहिला. शेवटी ओल्या सिमेंटवर बोटानं आईचं नाव लिहिलं. त्या वर्षी जुलैत चार दिवस झड लागली आणि बांधाचा मधला बारा फूट तुकडा धाडकन खाली गेला. रोवलेलं धान, माती, सगळं नाल्यात. दोन्ही टोकं तेवढी उभी राहिली, नावासकट.

मग प्रफुलनं हात जोडले. जंगलाजवळ जागा हवी म्हणून एक रिसॉर्टवाला गावात फिरत होता. "आई, आता पुरे झालं. देऊन टाकू त्याले," तो म्हणाला.

"एक पावसाळा दे मले," बाई म्हणाल्या.

"एकच."

"एकच. पुढच्या पावसात बांध गेला तं मी सही करून देतो."

हे बोलणं माझ्यासमोर झालं. सुलोचनाबाई शब्द फिरवणाऱ्या नव्हेत, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. पुढचा पावसाळा यायला दहा महिने होते आणि बांध का फुटतो हे बाईंना कळलेलं नव्हतं.

त्याच सुमाराला, पोळा झाल्यावर, गटाचा अभ्यास दौरा निघाला. कोकणातली डोंगरउतारावरची जुनी भातशेती बघायची, असं कागदावर होतं. कागद मीच केला होता. शेती एक तास, पुढं देवदर्शन आणि समुद्र दीड दिवस. बसमध्ये बावीस बायका. वर्धा सुटल्यापासून सगळ्यांच्या तोंडी समुद्र. एकट्या सुलोचनाबाई खिडकीतून दिसेल तो बांध बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस एका घाटाच्या वळणावर थांबली. खाली समुद्र होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, त्यामुळे मला शेत वगैरे काही दिसलंच नाही. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मग केव्हातरी मान वळवली. डोंगर माथ्यापासून किनाऱ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेला होता आणि प्रत्येक पायरीवर पिवळं पडत चाललेलं भात उभं होतं. काही पायऱ्या तर एवढ्या अरुंद की दोन बायका शेजारी उभ्या राहू शकणार नाहीत. प्रत्येक पायरीला दगडाचा बांध, सिमेंट नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. तिकडं त्याला गडगा म्हणतात. तो कुणी पहिल्यांदा रचला हे गावात कुणाला माहीत नव्हतं. कुणी दोनशे वर्षं सांगे, कुणी चारशे.

तासाभरानं ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एकवीस बायका बसमध्ये चढल्या. सुलोचनाबाई चढल्या नाहीत.

"ताई, तुम्ही जा. मी इथंच हावो."

"अहो, समुद्र बघायचा नाही का?"

"समुद्र कुठी पळून चाल्ला? वरूनच दिसून राह्यला तो."

मी गटाची सचिव. बाई हरवली तर सही माझी, म्हणून मीही खाली उतरले. बस गेली आणि मी रागानं धुमसत एका दगडावर बसले. दीड दिवसाचा माझा समुद्र या बाईनं खाल्ला, असं मनात म्हणत होते. बाई मात्र एकेका गडग्याला हात लावत खाली उतरत होत्या. एका ठिकाणी त्या थबकल्या. दगडांच्या फटींतून पाणी झिरपत होतं. एका जागी नाही, दहा-बारा जागी.

"पाहा ना वो ताई, एवढी सुंदर भिंत अन् कशी गळून राह्यली! पाहाले कोनीच नाई का हिच्याकडं?"

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी पदर खोचला, शेतातला चिखल ओंजळीनं घेतला आणि फटी बुजवायला सुरुवात केली. भराभर, टाचेनं, अंगठ्यानं. परक्या माणसाचं शेत आणि ही बाई तिथं घरच्यासारखी कामाला लागलेली. पाच-सहा फटी झाल्या असतील, तेवढ्यात वरून आरोळी आली.

"ओ बाय! काय करतास? ता बुजवू नकात! पाणी खंयसून जातलां? गडगो फुटतलो माझो!"

खांद्यावर टॉवेल, हातात कोयता, असा पन्नाशीचा एक माणूस धावत खाली आला. त्याचं नाव गुरुनाथ, ते शेत त्याचं. आम्ही विदर्भातल्या आहोत हे कळल्यावर तो सरळ पुस्तकी मराठीत ओरडायला लागला, आणि कोयत्याच्या टोकानं बाईंनी घातलेला चिखल एकेक करून उकरून काढला.

सुलोचनाबाई मागं हटणाऱ्या नव्हत्या. "भोक ठेवलं तं पाणी जाईन ना दादा! आम्ही जन्मभर धान केलं."

"सपाटीवर केलं असेल," गुरुनाथ म्हणाला. "तिथं पाणी कोंडायचं. इथं वरचा अख्खा डोंगर पाणी पितो आणि ते मागून ढकलतं. त्याला वाट दिली नाही तर ते स्वतः वाट करतं. चला, दाखवतो."

त्यानं आम्हाला दोन पायऱ्या वर नेलं. तिथं गडग्याला मोठं खिंडार पडलं होतं आणि गवतात सिमेंटचे तुकडे लोळत होते. त्याच्या भावानं दोन वर्षांपूर्वी पक्कं काम म्हणून सांधे भरून घेतले होते. इतक्या पिढ्या उभा असलेला गडगा पहिल्याच पावसात गेला.

बाईंनी एक तुकडा उचलून बघितला. मग त्या तिथंच, ओल्या गवतात, मटकन बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. मी पाण्याची बाटली पुढं केली तर ती हातानं बाजूला सारून म्हणाल्या, "माह्या हातानंच फुटले वो ताई. तिन्ही."

वडिलांनी शिकवलेलं, अंगात मुरलेलं, ज्याचा अभिमान वाटावा असं कसब. त्यानंच घात केला होता. मला त्या क्षणी बाईंची फार दया आली. ती फार वेळ टिकली नाही, कारण त्या उठल्या आणि गुरुनाथला म्हणाल्या, "हे खिंडार कवा भरता?"

"भात कापून झाल्यावर."

"आज सुरू करा. मी भरू लागतो. मले शिकवा."

गुरुनाथ हसला. आठ दिवसांचं काम आहे, म्हणाला. बाई म्हणाल्या, मग आठ दिवस. त्यानं माझ्याकडं पाहिलं, जणू मी त्यांना आवरणार. मी काय आवरणार! संध्याकाळी बस आम्हा दोघींना घ्यायला परत आली, तेव्हा मी माझी आणि त्यांची अशा दोन्ही पिशव्या उतरवून घेतल्या. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कागदावर मात्र "सचिवांची प्रकृती बिघडल्यामुळे" असं लिहिलं.

आठ दिवस आम्ही गुरुनाथच्या घरी राहिलो. त्याच्या बायकोनं आम्हाला आधी संशयानं आणि मग मायेनं जेवायला घातलं. प्रफुलचा फोन रोज यायचा. "आई, खालच्या वावरातलं सोयाबीन कापाले आलं अन् तू तिकडं दगडं उचलून राह्यली?"

"रक्षाले सांग," बाई म्हणायच्या. रक्षा त्यांची सून, शेतीच्या कामाला हिंगणीला येऊन राहायची. "थे करते बरोबर." आणि फोन ठेवायच्या.

दगडाचं काम मला वाटलं होतं तसं आडमुठं नव्हतं. मोठे दगड तळाला, भिंत किंचित डोंगराकडं रेललेली. मधूनमधून एक लांब दगड आडवा आत खुपसायचा, म्हणजे भिंत डोंगराला धरून राहते. भिंतीच्या मागं बारीक दगडांचा हातभर भराव. हा भराव निवडायचं काम माझ्याकडं होतं. पाणी त्यातून गाळून बाहेर यावं आणि माती मागंच राहावी, यासाठी तो. काम संपल्यावर गुरुनाथनं वर घागरीनं पाणी ओतलं आणि खाली येणारं पाणी ओंजळीत धरलं. स्वच्छ आलं तर गडगा चांगला, गढूळ आलं तर माती निघून चालली, म्हणजे तेवढा भाग उलगडून पुन्हा रचायचा. सुलोचनाबाईंनी रचलेल्या भागातून पहिल्यांदा गढूळ पाणी आलं. त्यांनी तो भाग उलगडला. दुसऱ्यांदाही गढूळ आलं. तिसऱ्यांदा गुरुनाथ म्हणाला, "राहू दे बाय, मी करतो," तर त्याला त्यांनी दगडाला हात लावू दिला नाही. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ आलं. मी किनाऱ्यावर शेवटपर्यंत गेले नाही. आठ दिवस समुद्र वरूनच पाहिला, तोही खडी निवडताना मान वर केली तेव्हा.

हिंगणीला परतल्यावर अवघड काम पुढंच होतं. नवा बांध घालायचा तर तिसऱ्या बांधाची उभी टोकं पाडायला हवी होती. तीच तर पाणी अडवत होती. दिवाळीनंतर एका सकाळी बाईंनी घण घेतला. गटातल्या अनुसयाबाई आणि मी मदतीला. दुपारी प्रफुल आला. तोवर एक टोक आडवं झालं होतं आणि नाव लिहिलेलं टोक उभं होतं.

"मी बांधलं होतं ते," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "एवढं तरी राहू देती."

सुलोचनाबाईंनी घण खाली टेकवला. "तुह्या मायेत खोट नाई बापा. भिंतीत होती. अन् तुले तशी बांधाले मीच सांगतलं होतं, फट ठेवू नोको म्हून."

मग त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत त्या नावावर घण घातला. प्रफुल मोटारसायकल वळवून गेला आणि पुढचे नऊ महिने शेताकडं फिरकला नाही. दुकानावरून जाताना मी हाक मारली की तो कुलपं नाहीतर खिळे मोजत असल्यासारखं करायचा. सुलोचनाबाईंना ते लागत होतं. एकदा दगड रचता रचता त्या म्हणाल्या, "पोरगं तुटलं का वो ताई माह्यापासून?" मी नाही म्हटलं. खात्री मलाही नव्हती.

मे संपेपर्यंत पंचाहत्तर फुटांचा, छातीएवढा बांध उभा राहिला. गावातले लोक येऊन बघून जात. ही तर नुसती फटींचीच भिंत आहे, असं म्हणत. बाई ऐकून घेत. जूनमध्ये तिच्यातून पाणी सगळीकडून गळायला लागलं आणि बाई रोज सकाळी ते ओंजळीत धरून बघायच्या. स्वच्छ. जुलैत रोवणी झाली. रोवणीला बाईंनी माहेरहून भाचीला बोलावलं होतं, पण अर्ध्याअधिक रोपं त्यांनी स्वतः लावली.

ऑगस्टमध्ये पाच दिवस सतत पाऊस पडला. सहाव्या दिवशी सकाळी प्रफुल माझ्या दारात आला. रेनकोट घातलेला, हातात गाडीची किल्ली.

"काकू, रक्षाचा फोन आल्ता. बांध फुगला म्हणते. आई तिथंच हाय. तुम्ही चाला, तुमचं ऐकते ते."

माझं त्या कधीच ऐकत नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही. वाटेत तो म्हणाला, रिसॉर्टवाला सहीसाठी सोमवारी येणार आहे, आईलाही कळवलं आहे. बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी कळतही होतं की ठरलं तसंच तो करतो आहे. आईनंच शब्द दिला होता.

शेताला पोचलो तेव्हा पावसाचा जोर कमी झाला होता. बांध उभा होता. सगळीकडून पाणी येत होतं आणि ते स्वच्छ होतं. नाल्याच्या बाजूचा दहा फूट भाग मात्र पुढं आला होता आणि त्यातून तांबडं, गढूळ पाणी वाहत होतं. मी ओळखलं. तो भाग घाईघाईनं, मेच्या शेवटी रचला होता आणि तिथला भराव मी निवडला होता. उन्हाला कंटाळून मी मातीसकट खडी टाकली होती. ही गोष्ट मी बाईंना सांगितली नव्हती आणि त्या क्षणी सांगितली.

सुलोचनाबाई गुडघाभर चिखलात उभ्या होत्या आणि त्या भागाचे वरचे दगड एकेक करून उतरवत होत्या. माझं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाल्या आणि पुढचा दगड उचलला.

"आई, पडून राह्यला तो. बाजूले हो!" प्रफुल ओरडला.

"पडला नाई अजून. पडाच्या आत मी काढतो." त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "पाऊस सरला नाई अन् माही मुदतबी सरली नाई. सोमवारी हा उभा नसला तं सही घेजो."

"एकटीनं होते का हे?"

"मंग काय करू? बसू?"

वरच्या पायरीवरचं धान वाऱ्यानं वाकत होतं. ते हिरवंगार होतं, गुडघ्यावर आलेलं, आणि बांध त्या जागी धाडकन गेला असता तर ते सगळं मागोमाग गेलं असतं. बाईंनी ओढलेला एक मोठा दगड हातातून निसटला. त्या घसरल्या, बांधाला धरून उभ्या राहिल्या आणि पुन्हा त्याच दगडाला भिडल्या. मला रडू फुटलं. मी खडी गोळा करायला वाकले, कारण दुसरं काही सुचेना.

प्रफुल काही वेळ शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभा होता. मग त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि चिखलात उतरला. आईच्या हातातला दगड त्यानं धरला आणि बाजूला नेऊन ठेवला. मग दुसरा. तळापर्यंत मोकळं झाल्यावर बाई रचायला लागल्या आणि तो दगड द्यायला लागला. त्यानं दिलेला पहिला दगड बाईंनी फिरवून पाहिला आणि परत केला. "हा नाई. गोल हाय. लांब पाह्य."

तो लांब दगड शोधायला गेला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं चिखलाच्या हातानं तो काढला, नाव पाहिलं आणि कानाला लावला. रिसॉर्टवालाच होता. सोमवारी किती वाजता येऊ, असं विचारत असावा.

"सोमवारी नाई जमणार साहेब," प्रफुल म्हणाला. "आई कामात हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यानं बांधाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "नाई, पुढच्या सोमवारीबी नाई. आता ते कामातच राह्यन."

फोन खिशात टाकून त्यानं एक लांब दगड उचलला आणि आणून आईच्या पुढं धरला. सुलोचनाबाईंनी तो फिरवून फिरवून बघितला. त्यांच्या तोंडावरून पाऊस वाहत होता आणि नुसताच पाऊस नव्हता.

"हा चालते," त्या म्हणाल्या.